सातव्या पायरीखालचा बोरू

मी, तोआदेर बुर्झा, वय एक्याऐंशी, धंदा गवंडी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहितो. आज प्यालेलो नाही. पाद्रीबाबांनी तोंडाचा वास घेऊन खात्री केली आहे.

१. घर आणि आलुबुखारची चार झाडं मुलगी सवेता हिला. जावई निस्तोर याने ती विकायला काढू नयेत.

२. चुलतभाऊ ओनू याला काही नाही. ढापलेला ओळंबा त्याने खुशाल ठेवावा. त्याच्या भिंती तशाही वाकड्याच.

३. माझी सगळी हत्यारं निस्तोरला, पण एका अटीवर. निस्तोर, नीट वाच.

किल्ल्याच्या बागेतली तिसऱ्या टप्प्याची भिंत आणि पायऱ्या मी १८८९ साली बांधल्या. भिंत दोनदा कोसळली. मग आपल्या गवंड्यांचा जुना उपाय केला: जित्या माणसाची सावली बोरूने, म्हणजे नदीकाठच्या लांब वेताने, मापायची, तेवढाच तो कापायचा आणि पायरीखाली पुरायचा. भिंत टिकते, माणूस चाळीस दिवसांत जातो. मी माळी गेर्गेयची सावली मापली. तो गुलाबांवर वाकला होता.

"काय रे तोआदेर, माझी शवपेटी करतोस की काय?" तो म्हणाला.

"काही नाही रे, सहज," मी म्हणालो.

बोरू सातव्या पायरीखाली पुरला. चाळिसाव्या दिवशी गेर्गेय गेला. भिंत टिकली, कारण उन्हाळाभर पाऊस नव्हता. पुढच्या वसंतात मला कळलं की भिंतीतली पाणी निघायची भोकं मीच, दिसायला बरं म्हणून, चुन्याने लिंपली होती. ती गुपचूप उघडली. गेर्गेय फुकट मेला. तेव्हापासून भर दुपारी सातव्या पायरीवर वाकलेल्या माणसाची सावली पडते. तिथे माणूस नसतो.

आता भिंतीला पुन्हा पोट सुटलंय आणि दुरुस्तीचं काम तुझ्याकडे आहे. मंगळवारी तू बोरू घेऊन गेर्गेयच्या नातीच्या, इल्काच्या, मागे उभा होतास. मी विचारलं तर म्हणालास, "काही नाही हो बाबा, सहज."

आधी भोकांत शिरलेली मुळं काढ. तरीही धीर होत नसेल तर सोबत लाल दोऱ्याने बांधलेला बोरू आहे, तो पूर. आज दुपारी सातव्या पायरीवर मी माझी सावली मापली. इल्काला हात लावलास तर हत्यारं नदीत.

४. चाळीस दिवस आजपासून मोजा. माझ्या मयताला वाटायच्या गोड शिजवलेल्या गव्हात अक्रोड भरपूर घाला.

निस्तोर, तू विचारशील म्हणून लिहितो. स्वतःची सावली एकट्याला मापता येत नाही. वाकलं की ती आखडते. मी ताठ उभा राहिलो होतो. बोरूचं दुसरं टोक धरायला तिथे कोणीतरी वाकलं होतं.

सही: तोआदेर बुर्झा
साक्षीदार: पाद्री सिमिओन, लीना शिंपीण (दोघांनी बोरू पाहिला, हात लावला नाही.)
मुक्काम रुदेनी, ट्रान्सिल्व्हेनिया, ३ जून १९३१