पंखा उद्या, पक्कं

४ एप्रिल, सकाळ
आज घरचा पंखा करायचाच, फार हळू फिरतोय. नुसता कपॅसिटर बदलायचा आहे. वडवणीत माझ्याइतका जुना वायरमन दुसरा नाही. चहा उकळेपर्यंत होऊन जाईल.

४ एप्रिल, संध्याकाळ
पंखा राहिला. आधी गिऱ्हाईक, मग घर. धंद्याचा नियम आहे.
मुलीने सासरी जाता जाता माझ्या बायकोच्या, मंगलच्या मोबाईलमध्ये एआय टाकून दिलं. मिक्सर बंद पडला तर मंगलने त्याला विचारलं! तो म्हणाला, मिक्सर उलटा करा, खालचं लाल बटण दाबा. सुरू झाला. मीही तेच सांगणार होतो. मला कोणी विचारलंच नाही.

६ एप्रिल
त्याचा आवाज बाप्याचा आहे. मंगलने काहीही विचारलं की म्हणतो, छान प्रश्न विचारलात. ती चक्क लाजते. मी तिला असं कधी म्हटलं नाही, कबूल. पण तिने तसा प्रश्न तर विचारावा. पंखा कवा करताव, हा काय छान प्रश्न आहे?

८ एप्रिल
गावातला नवा वायरमन लखनही एआय वापरतो म्हणे. कालपर्यंत लग्नात लाईटच्या माळा लावायचा. आता मोटारीच्या स्टार्टरचा फोटो काढून मोबाईलला विचारतो, तेही गिऱ्हाइकासमोर. लाज नाही. मला एखादी गोष्ट माहीत नसली तरी मी ठामपणे सांगतो. याला अनुभव म्हणतात. तरी लोक त्याच्याच दारात. माझा नुसता जळफळाट होतो. वही कोणी वाचत नाही म्हणून लिहिलं.

९ एप्रिल
मंगल शेजारी भामाबाईंकडे गेली तेव्हा एआयला एकट्याला गाठलं. विचारलं, खांबावर चढता येतं का? म्हणाला, नाही, मला हातपाय नाहीत. विषय संपला! धंदा सुरक्षित. मंगलला सांगितलं तर म्हणाली, खांबाचं राहू द्या, तुमी स्टुलावर कवा चढताव?
मोबाईलशी अशी बोलत नाही.
उद्या पंखा. पक्कं.

११ एप्रिल
कपॅसिटर आणला. फडताळात ठेवला. अर्धं काम झालं.

१३ एप्रिल, दुपार
पंखा पूर्ण बंद. घरात बसवेना, म्हणून हॉटेलात गेलो. एआय वायरमनचं काही वाकडं करू शकत नाही, हे सगळ्यांना समजावलं. चहाही मीच पाजला. पंखा उद्या.

१३ एप्रिल, संध्याकाळ
घरी आलो तर पंखा जोरात फिरतोय. मोबाईलने केला? मंगल म्हणाली, न्हाई, त्यो म्हन्ला वायरीला हात लावू नका, जवळचा चांगला वायरमन बोलवा.
छाती फुगली. शेवटी त्यानेही हात टेकले! मी तिला ते परत म्हणायला लावलं. चांगला वायरमन. अगदी हेच शब्द. मग विचारलं, अगं, मला फोन कावून न्हाई केला?
म्हणाली, चांगला म्हन्ला ना, मनून लखनला बोलावलं. कपॅसिटर फडताळात व्हताच, त्याला लई सोपं गेलं.
त्याला कपबशीत चहा दिला म्हणे. कपबशा पाहुण्यांच्या आहेत.
लखन स्टूल पंख्याखालीच ठेवून गेलाय. त्याच्यावर बसून लिहितोय. वारा चांगला लागतो.