रिकाम्या गावातला फोन

वेळणे, ता. मालवण
९ नोव्हेंबर २००८

प्रिय सत्यवान,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखशील आणि तुझी लेक आरोही क्लासहून यायच्या आत वाचावं की ती झोपल्यावर, यावर बराच वेळ घालवशील. तुझं सगळं असंच. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आलास, चहा गार होईपर्यंत बँकेच्या पत्रकांवर बोललास आणि निघताना, चपला घालता घालता, मान वर न करता लग्नाचं विचारलंस. वर उत्तर ऐकायला थांबलाही नाहीस. घाई नाही, फोनवर सांग, म्हणालास. आता फोनवर मला तुझ्याशी बँकेचं आणि इकडचं-तिकडचंच बोलता येतं, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं. म्हणून आज रविवार गाठून ओसरीवर लिहायला बसले आहे. खाडीत भरती चढते आहे, शेजारच्या होड्या दोराशी हलताहेत, आणि उत्तराकडे सरळ जायचं माझ्या मनात नाही. तेव्हा जरा दम धर.

हे सगळं सुरू झालं ते तुझ्या त्या ऑनलाइनमुळे. त्याआधी माझं बरं चाललं होतं. महिना संपला की टाइपरायटरला कार्बन लावून पत्रकं काढायची, भाईंची सही घ्यायची आणि पोस्टात टाकायची. मग मुंबईहून आदेश आला की यापुढे छोट्या बँकांनीही पत्रकं संगणकावरून पाठवायची, त्यासाठी नोंदणी करायची, आणि मुदतीत जी नोंदणार नाही तिला मोठ्या बँकेत विलीन करायचा विचार होईल. आमच्या अध्यक्षांनी, भाईंनी, तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसत म्हणाले, मशिनीत नाव घालूक माझी हरकत नाय, पण बँक कोणाच्या पोटात जाता नये. वेळण्याची बँक म्हणजे दोन खोल्या, एक तिजोरी, मी आणि शिपाई बाबली. पण ती रापणकर मच्छीमारांनी आणि बागायतदारांनी मिळून उभी केली, तेव्हा मी शाळेत होते. तिच्या नावाची पाटी उतरलेली मला बघवली नसती. त्याच आदेशाखाली, किनाऱ्यावरच्या बँकांची नोंदणी करून देणाऱ्या, कणकवलीला बदलून आलेल्या अधिकाऱ्याचं नाव होतं. तुझं.

नाव वाचून मी काय केलं, ते आता सांगायला हरकत नाही. उठून माठातलं पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं. मला एकदम कणकवलीचं कॉलेज आठवलं. तुला ते नुसतं कॉलेज म्हणून आठवत असेल. मला आठवतो डेपोतला तो बाक, जिथे तू माझी गाडी लागेपर्यंत बसायचास आणि तुझ्या गावाकडे जाणाऱ्या गाड्या सोडून द्यायचास. आपण कधी काही बोललो नाही. पुढे तू मुंबईला नोकरीला गेलास, मी इथे चिकटले, तुझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी आहेरही पाठवला. मला कुणाचा राग नव्हता. फक्त पुढची कितीतरी वर्षं त्या डेपोत गाडी बदलायची वेळ आली की मी त्या बाकावर बसायची नाही, उभी राहायची.

वेळण्याला येऊन नोंदणी करायची तारीख तू ठरवलीस. सिंधुदुर्गात जन्मलेला माणूस, पण आमच्या गावकऱ्यांना एका शब्दाने विचारलं नाहीस. मीही कळवलं नाही, कारण देवाचा कौल व्हायचा होता. तुझं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात कौल झाला, गावपळण ठरली, मग कळवायला सवड उरली नाही. आरोहीला हे माहीत नसेल तर सांग. दर काही वर्षांनी आमचा गाव रवळनाथाच्या हुकमाने तीन दिवस गाव सोडतो. सोडतो म्हणजे अगदी सोडतो. माणसं, म्हशी, कोंबड्या, कुत्री, सगळी गावाकडेचा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून सड्यावर, कातळाच्या माळावर, जातात, झावळ्यांच्या खोपी घालून राहतात. मागे चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, एकही माणूस मागे थांबत नाही की आत जात नाही. ते तीन दिवस गाव देवाचा. परत जायचं तेही पुन्हा कौल मिळाल्यावर. आणि तुझी नोंदणीची मुदत संपत होती नेमकी गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

त्याच दिवशी सकाळी तू एसटीतून उतरलास ते अजून डोळ्यांसमोर आहे. कंडक्टरने तुला व्हाळाच्या अलीकडेच उतरवलं होतं. गाव भायर पडलो आसा, हयच उतरा, असं तो म्हणाला म्हणून तू मला तक्रारीच्या सुरात सांगितलंस. खांद्याला लॅपटॉपची बॅग, इस्त्रीचा शर्ट, आणि समोर अख्खा गाव झाडाखाली भाकऱ्या भाजत बसलेला. केस पिकलेत तुझे, हे मी आधी पाहिलं. मग तू हसलास, आणि केसांचं मी विसरून गेले. माझ्या हाताला पीठ होतं. ते तसंच ठेवून मी तुला कसा आहेस विचारलं, आणि तू म्हणालास की बँकेचा संगणक कुठे आहे.

संगणक गावात होता, कुलुपात. पण तुझ्याकडे तुझा होता, आणि सड्यावर काजूच्या एका झाडाखाली मोबाइलला रेंज मिळत होती. तिथे खाट टाकली, खाटेवर लॅपटॉप. एक पान उघडायला इतका वेळ लागायचा की मधल्या वेळात बाबलीने चहा करून आणला. बँकेचं नाव, पत्ता, अध्यक्ष, जबाबदार अधिकारी, एकेक रकाना तू भरत होतास आणि मी सांगत होते. गावातली म्हातारी माणसं मागे उभी राहून बघत होती. फोन नंबर तू विचारलास आणि मी बँकेचा सांगितला. तो माझ्या तोंडात इतका बसलाय की झोपेतसुद्धा तोच येईल. तू तो भरलास, पान पाठवलंस. बँकेत आयुष्य घालवलेली आपण दोघं, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की तो फोन कुठे आहे. पडद्यावर अक्षरं उमटली, की खातरजमेसाठी दिलेल्या नंबरावर फोन येईल, त्यावर सांगितलेला संकेतांक भरल्याशिवाय नोंदणी पूर्ण होणार नाही.

त्यानंतरची दुपार मला स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते. व्हाळापलीकडे गाव ऊन खात पडला होता. दारं लावलेली, अंगणं झाडून ठेवलेली, माडावरून एखादा नारळ पडला तर त्याचा आवाज इथवर येत होता आणि उचलायला कुणी नव्हतं. आणि अशा त्या शांततेत फोन वाजायला लागला. बँक व्हाळाला लागूनच, त्यातून बाबलीने हवा खेळाक होयी म्हणून खिडकी उघडी ठेवलेली. आवाज पाण्यावरून स्वच्छ येत होता. सड्यावर बायकांनी भाकऱ्या थापायच्या थांबवल्या. रिकाम्या गावात फोन वाजत होता आणि सगळा गाव तो बाहेर उभा राहून ऐकत होता.

मी व्हाळाच्या काठापर्यंत गेले होते, ते तू पाहिलंस. पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे पन्नासेक पावलांवर माझी खुर्ची, माझं टेबल, त्यावर तो फोन. तो उचलला की बँक वाचणार आणि नाही उचलला तर भाईंच्या हयातीत पाटी उतरणार. मला रडू येत होतं, रागही येत होता, देवाचा, तुझा, माझा, सगळ्यांचा. तू शेजारी येऊन चप्पल काढलीस. मी या गावचा नाही, मी जातो, म्हणालास. मी तुझा हात धरला. बाहेरचा असो की घरचा, पाऊल कुणीच टाकायचं नाही, असं सांगायला धरला. पण सोडला मात्र लगेच नाही. मागून भाई आले. त्यांच्याइतकी त्या बँकेची काळजी कुणाला नव्हती. ते काठी टेकून ऐकत राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, वाजांदे गो प्रेमा, देव उचलतलो. फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, पुन्हा थांबला.

मग तू पुन्हा काजूखाली जाऊन मुंबईला फोन लावलास. तुझी ती धडपड मी कधी विसरणार नाही. पलीकडच्या साहेबांना तू सांगत होतास की बँकेत कुणी नाही कारण गाव गेला आहे, आणि ते विचारत होते, गाव गेला म्हणजे कुठे गेला, पूर आला का. तू एरवी चार वाक्यांत थकणारा माणूस, पण त्या दिवशी रवळनाथापासून कोंबड्यांपर्यंत सगळं सांगितलंस. शेवटी ते साहेब बहुधा हरले. दुसरा चालू नंबर द्या, म्हणाले. माझ्याकडे मोबाइल नव्हता, भाईंकडे नव्हता, गावात ज्यांच्याकडे होते त्यांचे दोन दिवसांत चार्जिंग संपून मुके झालेले. तू तुझा दिलास. संकेतांक तुझ्या फोनवर आला, तू तो ऐकून मोठ्याने सांगितलास आणि भरला मी. मुदत संपायच्या थोडं आधी आमची बँक नोंदली गेली. भाईंनी तुझ्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं आणि मग पाठ फिरवून बराच वेळ डोळे पुसत उभे राहिले.

काम झालं होतं, संध्याकाळची गाडीही होती. तरी तू राहिलास. बाबलीच्या खोपीत अंग टाकलंस आणि तिसरा दिवस आमच्यातलाच एक होऊन काढलास. त्या दिवशी काजूखाली बसून तू मला तुझी बायको कशी गेली ते सांगितलंस, आरोही तेव्हा केवढी होती, वेणी घालायला तू कसा शिकलास, तेही सांगितलंस. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते की उद्याचा कौल मिळू नये. सगळा गाव घरी जायला आसुसलेला आणि मला एकटीला सड्यावरच राहावंसं वाटत होतं. कौल मिळाला. ढोल वाजवत आम्ही गावात शिरलो, तू तुझ्या गाडीकडे गेलास. बँकेचं दार उघडून मी आधी फोनच्या शेजारी बसले आणि उगाच रिसीव्हर उचलून कानाला लावला.

पुढे नंबर बदलायला हवा होता. तूही आठवण केली नाहीस, मीही नाही. मग दर महिन्याला मुंबईला आमच्या पत्रकात काही विचारायचं असलं की फोन तुझ्या मोबाइलवर, आणि तुझा मला. पाच मिनिटं बँकेचं, त्यानंतर आरोहीचं गणित, माझ्या पपईला लागलेली कीड, तुझं बिघडलेलं सांबार. श्रावणात पत्रकात काहीच चूक झाली नाही म्हणून फोन आला नाही, तेव्हा मला चैन पडेना. म्हणून पुढच्या पत्रकात मी एक रकाना मुद्दाम कोरा सोडला. टाइपरायटरच्या काळात जिच्या पत्रकाला कधी कुणी बोट लावलं नाही तिने. तू फोन करून मला समजावत होतास की तो रकाना कसा भरतात, आणि मी मुकाट्याने हो हो म्हणत होते.

म्हणूनच दिवाळीत तू विचारलंस तेव्हा आनंदाच्या आधी मला भीती वाटली. लोक या वयात काय म्हणतील याची नव्हे. लोकांनी म्हणायचं ते म्हणावं. भीती याची, की तुला मी हवी आहे की दर महिन्याची सवय. काम आहे म्हणून दोन माणसं बोलत राहतात आणि त्यालाच माया समजतात, असं मी पाहिलंय. आणि आरोही. तिच्या वेणीसाठी, डब्यासाठी बाई हवी असेल, तर सत्यवान, मी ती नव्हे. मला नीट वेणीही घालता येत नाही. बँक तर मी सोडणार नाही. सकाळच्या गाडीने इकडे यायचं आणि संध्याकाळच्या गाडीने कणकवलीला, हे जमवता येईल, बाबलीलाही आता पत्रकं भरता येतात. हे सगळं जमवता येईल. त्या एका भीतीचं तेवढं काय करावं ते कळत नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसले. गेल्या सोमवारी मी मुंबईला कळवून बँकेच्या नावापुढचा तुझा नंबर काढून टाकला आणि बँकेचा पुन्हा घातला. दचकू नकोस. माझं उत्तर हो आहे, आणि ते मी कॉलेजच्या दिवसांपासून जवळ ठेवलेलं आहे. येत्या रविवारी दुपारच्या गाडीने कणकवलीला येते, आधी आरोहीला भेटायला. तिला मी आवडायला वेळ लागला तर लागू दे, मी येत राहीन. पण हे पत्र पोचल्यापासून तोवर तीन-चार दिवस आहेत. यापुढे आमच्या बँकेसाठी तुला कुणी फोन करणार नाही, पत्रकात चूक असो नसो. मला फोन करायला तुला आता काहीच कारण उरलेलं नाही. तरी कर.

आता बेधडक लिहिते,
तुझीच,
प्रेमलता