गुणवंतराव बुडाले नाहीत

ती. गोकुळामावशीला रीताचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे आता कसे आहेत? डोमाकाका जाळं विणताना चष्मा लावतात की अजून खिशातच ठेवतात? इकडे आम्ही सगळे सुखरूप. सगळे म्हणजे गुणवंतरावसुद्धा. हे आधीच लिहिते, कारण रीतानं अध्यक्षाला तलावात बुडवलं ही बातमी मुलचेऱ्याच्या बाजारातून तुझ्यापर्यंत पोचलीच असेल.

शाळा सुटल्यावर समाजमंदिरात मी पोरांकडून काहीबाही बनवून घेते, ते तुला ठाऊक आहे (माती, बांबू, तार, जे हाती लागेल ते). गुणवंतराव शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं, पोरांनी पाढे म्हणावेत, बांबू कापायला घरी बाप आहे. पुढच्या महिन्यात समाजमंदिराची किल्ली परत घेतो, असंही त्यांनी सांगून टाकलं होतं. म्हणून मीच त्यांना तलावावर बोलावलं. पोरांनी बांबूला रिकाम्या कॅन बांधून तराफा केला होता, तो बघून तरी मन पालटेल म्हटलं.

तराफा दोन पोरांपुरता. सातवीतल्या मयुरीनं त्यावर विटा रचून आधीच अंदाज घेतला होता. म्हणून तिनं अदबीनं विचारलं, "काकाजी, तुमचं वजन किती हाय?" झालं. अध्यक्षांना ते लागलं. त्यांनी समाजमंदिरातली प्लास्टिकची खुर्ची मागवली, तराफ्यावर ठेवली आणि वर जाऊन बसले. (तराफा बुडाला नाही, फक्त त्यांचे बूट दिसेनासे झाले.) मग फोटो काढायचा ठरलं. तराफा काठाला बांधलेला दोर फोटोत बरा दिसत नाही म्हणून तो त्यांनी स्वतःच्या हातानं सोडला.

वाऱ्यानं तराफा ढकलत नेला आणि खोल पाण्यात, कमळाच्या वेलांत अडकवला. होडी म्हणून गावात एकच डोंगा, तोही डांबर लावून तलावाच्या पाळीवर वाळत उलटा पडलेला. खुर्ची एका अंगाला कलली. तिकडून अगदी हळू आवाज आला, "बाई, मले पोहता येत नाई."

मी लांब बांबू शोधायला धावले, मावशी. पण मयुरीनं तोवर एक रिकामी कॅन लांब दोराला बांधलीही होती. तिच्या वर्गातला विक्की पाण्यात उतरायला निघाला, त्याला तिनं शर्टाला धरून मागे ओढलं. म्हणाली, "काऊन उतरून राह्यला? ज्या वाऱ्यानं काकाजीले नेलं, तोच कॅन नेते." आणि खरंच नेली. कॅन डुलत डुलत त्यांच्याजवळ गेली. "काकाजी, दोर कमरेले बांधा, खुर्ची सोडा, बांबू धरून पालथे झोपा," असं पोरं ओरडत होती, आणि जन्मात कुणाचं न ऐकलेले गुणवंतराव तिन्ही गोष्टी निमूट करत होते. मग सगळ्यांनी मिळून त्यांना तराफ्यासकट काठाला ओढलं.

काठावर त्यांनी आधी बुटांतलं पाणी ओतलं. मी किल्ली काढून पुढे केली. त्यांनी ती माझ्याच मुठीत बंद केली, आणि मयुरीला म्हणाले, "कॅन आखीन लागतीन, पोरी. माह्या घरून ने." त्या दिवशी मला नुसता वरण-भातही गोड लागला.

तुझी भाची,
रीता

ता. क. खुर्ची अजून कमळांत आहे. बगळा बसतो.

ता. क. २. मी पाण्यात का उतरले नाही, असं कुणी विचारलं तर सांगते की पोरांनी स्वतः शिकावं म्हणून. मावशी, मलाही पोहता येत नाही. रविवारी ये आणि शिकव. पलीकडच्या काठाला जाऊ, तिथे पोरं येत नाहीत. (गुणवंतरावही यायचं म्हणताहेत.)