सातचा ताळा

उल्हासनगर, कॅम्प २
११ जुलै १९८९

प्रिय मालिनी,

तू पेढे घेऊन आलीस त्याला महिना होत आला. स्वतः गणितात दोन मार्कांनी राहिलीस आणि माझ्या दहावीचे पेढे वाटत फिरलीस. आमच्या शिवणाच्या कारखान्यातल्या बायकांना म्हणालीस, "सुनंदा पास म्हणजे मीच पास." मी हसले, पण पेढा तसाच डब्यात ठेवून दिला.

पस्तिशीला आलेल्या आपण दोघींनी बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, हेही तुझंच डोकं. अंबरनाथला तुझ्या स्वयंपाकघरात कणीक मळता मळता तू मला शिकवायचीस. एकदा 'क्ष चारपेक्षा मोठा' असं उत्तर आलं. मी पाच घालून पाहिला, जमला. सहाही जमला, शंभरही. मी रडकुंडीला आले, "अगं, मग यातला लिहू कुठला?" तू म्हणालीस, "सगळेच चालतात. चार आणि त्याखालचे तेवढे नाही, घालून बघ." तेव्हापासून किंमत घालून ताळा पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. तू मात्र भराभर सोडवून पान उलटायचीस.

परीक्षेत तू माझ्या पुढच्याच बाकावर होतीस. कंसातल्या क्ष वजा चारची तिप्पट, बरोबर क्ष अधिक दहा. मी तिथं अडले, तेच गणित दोनदा पुटपुटले, सुस्कारा टाकला. तू तो ओळखलास. मागे न वळता पाठीशी हात आणलास, आधी पाच बोटं, मग दोन. मी सात घालून पाहिला. एकीकडे नऊ, दुसरीकडे सतरा. पुन्हा पाहिलं, तेच. मग दिसलं, कंस सोडवताना तुझं चारला तीननं गुणायचं राहिलंय. मी ते गुणून सोडवलं, अकरा आला; घातला, दोन्हीकडे एकवीस आले. अजून वीस मिनिटं होती. तुझी वेणी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी अकरा लिहिला आणि गप्प बसले. ते गणित तीन मार्कांचं होतं.

का गप्प बसले, मला अजून कळत नाही. कॉपी नको म्हणून म्हणावं, तर तुझा सात मी घालून पाहिलाच की. पर्यवेक्षिकाबाईंची भीती म्हणावी, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. की कधी नव्हे ते तुझं चुकलं, माझं बरोबर आलं, याचं बरं वाटलं? एक दिवस हे खरं वाटतं, दुसऱ्या दिवशी ते.

काल चिंतामणीभाऊजी स्टेशनवर भेटले. म्हणाले, "ती आता बसत नाही म्हणते. गणिताचं डोकंच नाही म्हणे. पुस्तकं रद्दीत काढलीत." म्हणून लिहिते आहे, तोंडानं सांगणं जमलं नसतं. डोकं तुझं चांगलं आहे, मालू. घाईत एका कंसात चुकलीस, आणि ते मला दिसत होतं. ऑक्टोबरचा फॉर्म आणून तुझं नाव लिहून ठेवलंय. पंचवीस तारखेपर्यंत द्यायचा आहे, सही तुझीच लागते. मी घेऊन येऊ, का भाऊजींच्या हाती पाठवू, तेवढं कळव.

तुझीच,
सुनंदा