वरून हिरवं बोंड

८ सप्टेंबर, सोमवार
लागले एकदाची कामाला. यवतमाळबाहेर विद्यापीठाची नवी संशोधन इमारत, तळमजल्यावर आमची कीटकांची प्रयोगशाळा. शेतांतून आलेली कपाशीची हिरवी बोंडं फोडायची, आत गुलाबी अळी निघाली की नोंद करून पेटीत ठेवायची. मारेगावात जन्मभर कापूस वेचला, आता पंख्याखाली बसून बोंडं फोडतेय. आई म्हणते, साहेबीण झाली. खोली मिळाली की दीपाला आणीन. सहा वर्षांची लेक रोज फोनवर विचारते, कधी नेतेस.

११ सप्टेंबर
भीमराजकाका इथले जुने परिचर. त्यांनी समजावलं, अळी बारीक असतानाच आत शिरते, मागे भोक बुजतं, बोंड हिरवंगारच दिसतं. वरून काही समजत नाही बाई, फोडूनच पाहा लागते, म्हणाले. बोलताना त्यांचा हात चहाच्या तापलेल्या शेगडीवर टेकला होता. ते बोलतच राहिले. भाजल्याचा वास आधी मला आला.

१६ सप्टेंबर
मनगटावर सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. दुपारपर्यंत बुजलं, नुसता ठिपका राहिला. दुखत नाही, म्हणून सोडून दिलं.

२० सप्टेंबर
बोंड फोडताना चाकू बोटात गेला. काहीच जाणवलं नाही. घाबरून काकांना मनगट दाखवलं. त्यांनी बाही वर केली. तसाच ठिपका. पहिले पहिले भेव वाटते, मंग तेही वाटत नाही, म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.

२४ सप्टेंबर
दीपा फोनवर रडत होती. एरवी माझा जीव खालीवर होतो. आज नुसतं ऐकत बसले. आत काहीतरी कुरतडतंय, सावकाश. आरशात चेहरा टवटवीत दिसतो.

२६ सप्टेंबर
आई रविवारी दीपाला आणतेय. आणू नको म्हणून सांगायला हवं. दोनदा फोन हातात घेतला. सांगावंसंच वाटलं नाही. भीती वाटायला हवी होती —

२८ सप्टेंबर, रविवार
आई दीपाला सोडून परत गेली. दीपा गळ्यात पडली. मी तिचे केस विंचरले. बाकी काही नाही.

२९ सप्टेंबर
एकटी कुठे ठेवणार, सोबत प्रयोगशाळेत आणली. अळ्यांच्या पेटीचं झाकण तिनंच उघडलं. आधी रडत होती, आजी पाहिजे म्हणून. आता गप्प आहे. मनगटावर ठिपका —
गाल किती टवटवीत. वरून काही समजत नाही, फोडूनच पाहावं लागतं.
चाकू टेबलावरच आहे. तिला दुखणार नाही. हात पुढे कर म्हटलं, तिनं लगेच —