रक्त दहावर आणायचं

५ ऑगस्ट १९७४

आज यांना सांगितलं. अडतीस वर्षांनी!

चहा पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "माझं अंग बाहेर येतंय. पहिल्या बाळंतपणापासून. आता बसवत नाही, लघवी थांबत नाही. मी मिरजेला दाखवणार."

यांनी बशी खाली ठेवली. "आजवर सांगितलं न्हाईस?"

काय सांगणार? हे पलटणीत. वर्षातून एकदा रजेवर. तेवढ्यात हे कुठं काढायचं!

शाळेत सव्वीस वर्षं मुलींना शरीर शिकवलं — हृदय, फुफ्फुसं, जठर. त्याच्या खाली मी कधी उतरलेच नाही.

६ ऑगस्ट

थोरल्या जाऊबाई, बयाबाई, हसल्या. "आगं, बाईच्या जातीला असतंयच ती. साठीला आलीस, आता कुणाला दावणार हाईस?"

म्हटलं, डॉक्टरला.

९ ऑगस्ट

मिरजेला जाऊन आलो. डॉक्टरबाई माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तपासताना मी डोळे मिटून एकोणिसाचा पाढा म्हणत होते.

"गर्भाशय पूर्ण खाली उतरलंय. काढून टाकू, सैल झालंय ते आतून शिवून घेऊ. बरं होण्यासारखं आहे हे."

बरं होण्यासारखं! पुन्हा विचारून घेतलं.

पण रक्त सात. दहा झाल्याशिवाय भूल देणार नाहीत. गोळ्या दिल्या, महिन्यानं बोलावलं. परतीच्या एस.टी.त निम्मी वाट उभीच होते. रडले मात्र नाही.

१४ ऑगस्ट

लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं. घेणार.

२ सप्टेंबर

वजन उचलायचं नाही, म्हणून पाणी हे आणतात. सुभेदार घागर घेऊन चाललेत — सगळी आळी बघते!

"बघू दे की," म्हणाले. "पलटणीत काय बायकू पाणी भरत हुती?"

रक्त वाढावं म्हणून तांदळीची पालेभाजी, तीही स्वतःच निवडतात. देठ तसेच ठेवतात. खाते.

१० सप्टेंबर

रक्त नऊ. परत पाठवलं!

बरं. आणखी एक महिना.

११ ऑक्टोबर

दहा आणि वर थोडं! लगेच दाखल करून घेतलं. धाकटी लेक विजयमाला सासरहून सोबतीला आली. माझी वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. घाबरली असावी.

१८ ऑक्टोबर

ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले, आजवर लिहवलं नाही. टाके ओढतात. काल लघवीची नळी काढली. आज विजयमालाच्या खांद्यावर हात टाकून खिडकीपर्यंत गेले.

खाली काही नाही. काहीच नाही! चालताना मांड्या एकमेकींना लागल्या. किती वर्षांनी!

२ नोव्हेंबर

घरी. बयाबाई शिरा घेऊन आल्या. दार ओढून घेतलं, मग हळूच — "लय दुखलं का गं?" दुखलं म्हटलं. खोटं कशाला सांगू?

२८ नोव्हेंबर

मिरजेला तपासणी. विजयमाला पुन्हा सोबतीला. डॉक्टरबाई म्हणाल्या, उत्तम. मी पदर सावरून निघाले, तर विजयमाला स्टुलावरून उठेना.

"आई, बाईस्नी सांग, माझंबी बघा म्हणावं."

"कधीपासून?"

"धाकटीच्या येळेपासनं. तू कधी बोलली न्हाईस. मला वाटलं, सोसायचंच असतंय."

तिची धाकटी नऊ वर्षांची आहे.