गळ्यातली आक्का

प्रिय आक्का,

जिथं असशील तिथून ऐक, तुझी बारकी जगली! काल नांदेडच्या डाक्टरीणबाईनं तपासलं अन् म्हणली, "आजी, गाठ गेली." आनंद पोटात मावून न्हाई राहिला, म्हणून नातीची पेन्सिल घेतली. पयलं तुलाच सांगणार की! तू तर माझ्या गळ्यातच हायेस.

तू गेल्यावर मला तुझ्याच नवऱ्याला दिली. मेलेल्या पयलीचं तोंड कोरलेला चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, ही आपली रीत. तवापासून तू बहीण बी अन् सवत बी. हळद काढताना, बाळंतपणात, कवाच उतरवला न्हाई. घासून घासून तुझं नाकडोळं गेलं बघ. नुसती कोरी चांदी. तरी तू बघून राहिलीस असं वाटायचं.

मागल्या हळद शिजवायच्या दिवसांत मला संडासच्या जागी रक्त पडाया लागलं. तिथंच हाताला गाठ बी लागली. भर दुपारी ओट्यावर बसले, तर एका कुशीवर कलून, डावा पाय लांब करून. अंगावर काटा आला गं! तू अशीच बसायचीस, शेवटच्या उन्हाळ्यात, त्याच ओट्यावर. "मूळव्याध हाय," म्हणायचीस अन् लुगडं लपवून धुवायचीस. काहून लपवलंस, आक्का?

त्या दिवसापासून टाक पलटी व्हायला लागला. मी सरळ करावा, जरा वेळानं बघावं तर तुझं तोंड आत, पाठ जगाकडं. छातीला गारेगार. वैशाखाच्या उन्हात बी गार! म्हणलं, आक्का रुसली. 'माझा संसार घेतलास, आता दुखणं बी घे,' म्हणून राहिली. मग तुझी ओटी भरली, पुरणाचा निवद दाखवला. रक्त थांबंना.

शेवटी सुनेनं, रेखानं, माझं पातळ पाहिलं. "आत्याबाई, हे कवापासून?"

"आक्काची तकलीफ हाय. टाक पलटून सांगून राहिली ती."

"दोरा पिळलाय त्याचा! चला दवाखान्यात." लई फटकळ पोरगी.

डाक्टरीण म्हणली, बोट घालून तपासते. मी म्हणलं, "बाई, माझ्या नवऱ्यानं बी न्हाई पाहिली ती जागा!" हसली, पण तपासलंच. तुकडा काढून पाठवला. कॅन्सर निघाला. म्हणली, रक्त म्हंजे दरवेळी मूळव्याध न्हाई अन् दरवेळी कॅन्सर बी न्हाई, तपासल्याबिगर कळत न्हाई. बहुतेकींत याच्या मुळाशी एक विषाणू असतो, कोणाचा शाप न्हाई. तुला बी हेच झालतं का, मी विचारलं. "त्यांना बघितलंच न्हाई, कसं सांगू आजी?" म्हणली.

मग गाठ कुठवर गेली ते बघायला एमआरआयच्या बोगद्यात घातलं. धातू चालत न्हाई, म्हणून टाक रेखाच्या मुठीत दिला. गळा पयल्यांदाच उघडा. आत मी एकटी. अन् छातीवर, बराबर त्याच जागी, गार टेकलं! हलायची बंदी. मशीन ठकठक करून राहिली तोवर ते टेकलेलंच. बाहेर आले तर रेखा भेदरलेली. "आत्याबाई, हा टाक एवढा गरम काहून झाला?"

ऑपरेशन न्हाई लागलं. मशीनचा शेक, रेडिएशन म्हणत्यात ते, अन् सलाईनमधून औषध, दोन्ही सोबतच. कातडी सोलली, कोमट पाण्याच्या टबात बसून रडायचे. शेक संपला तरी गाठ लगेच जात न्हाई, हळूहळू विरते. महिनोन् महिने वाट बघायला लावली. तेवढे दिवस ती गार जागा काही मला सोडंना, अन् मला बी ती ओळखीची वाटाया लागली.

आठवतं का? लहानपणी माहेरी, कुरुंद्याला, एका वाकळीत झोपायचो. थंडीत तू तुझं गार नाक माझ्या छातीला लावायचीस. मी कोकलायचे, "आई, आक्काला सांग!"

रेखानं टाकाला नवा दोरा घातलाय, सरळ, बिनपिळाचा. हे लिहिता लिहिता तू परत तोंड आत केलंस. गार लागून राहिलं, आक्का.

शब्द देते. ओट्यावर कुणी बाई एका कुशीवर बसलेली दिसली, तर मी चारचौघींत विचारीन, अन् हाताला धरून दवाखान्यात नेईन. अन् तुला आता सरळ करणार न्हाई. नाक लावून झोप.

तुझीच,
बारकी